चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

सौंसर
११ सप्टेंबर १९८८

चि. विजय,

तुझं पाकीट मिळालं. पत्र एक पान आणि प्रश्नावली सहा पानं. बहिणीची चौकशी दोन ओळींत आटोपली आहेस, संत्र्याच्या झाडाची मात्र एकतीस प्रश्नांत.

प्रश्नावली दोनदा वाचली. झाडाचं वय, पानाच्या शिरा हिरव्या की पिवळ्या, शेंडे वाळतात का, खोडावर डिंक दिसतो का. प्रत्येकापुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. तू लिहितोस, हे कागद नागपूरला तुमच्या केंद्रात आले की उत्तरं कॉम्प्युटरमध्ये भरायची, आणि मग रामाकोन्याची आपली झाडं का पिवळी पडताहेत ते कॉम्प्युटरच सांगेल. माणसाने सांगायची गरज नाही. याला तुम्ही कृत्रिम बुद्धी म्हणता.

मी एकोणीस वर्षं शाळेत शिकवते आहे. पाठ करून येणारी मुलं मला ओळखता येतात. प्रश्न पुस्तकातल्यासारखा आला की घडाघडा बोलतात, जरा फिरवून विचारला की गप्प बसतात. त्या गप्प बसण्यावरूनच मला कळतं की याला येत नाही. तुझं यंत्र गप्प बसतं का? 'मला माहीत नाही' असं कधी म्हणालं आहे का?

बाबांची दोनशे बारा झाडं आहेत. आई गेल्यापासून ते सौंसरला आमच्याकडे राहायला येत नाहीत ते या झाडांपायी. शेजारच्या शेतातले नत्थूजी त्या झाडांना लावल्या दिवसापासून बघताहेत. त्यांना विचारू. तुझा कागद मी भरणार नाही.

यांचे तुला आशीर्वाद.

सरला


नागपूर
१८ सप्टेंबर १९८८

ताई,

तू रागावणार हे माहीत होतं. पण तुझ्या प्रश्नाला उत्तर आहे. आमची प्रणाली आंधळेपणाने बोलत नाही. तिच्यात दोनशे चाळीस नियम आहेत. संत्र्यावर आयुष्य घालवलेल्या दोन शास्त्रज्ञांसमोर मी आठ महिने बसून, तुम्ही हे कशावरून ओळखता, असं विचारून विचारून ते लिहून घेतले. आणि प्रत्येक सल्ल्यापुढे ती स्वतःची खात्री टक्क्यांत लिहिते. तुझ्या शाळेतले किती गुरुजी आपल्या उत्तरापुढे असे टक्के लिहितात?

नत्थूजींना जरूर विचार. पण गेल्या उन्हाळ्यात सामाईक विहिरीच्या पाळीवरून त्यांचं नि बाबांचं काय झालं ते तूच लिहिलं होतंस. आपल्या पाळीच्या दिवशी त्यांनी अर्धा दिवस मोटर चालवली होती. माणूस सल्ला देतो तेव्हा त्याची विहीर, त्याचा रुसवा, त्याचा जावई सगळे मिळून सल्ला देतात. माझ्या यंत्राला यातलं काही नाही.

फेब्रुवारीत पांढुर्ण्याला शेतकऱ्यांचा मेळावा आहे. तिथे मला ही प्रणाली दाखवायची आहे, आणि तिथे आपल्याच बागेचं उदाहरण असावं अशी इच्छा आहे. मी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्याने चौकोन अंदाजाने भरले असते. तुझ्याइतकं खरं कुणी लिहिणार नाही, म्हणून तुला पाठवलं.

विजय


सौंसर
२ ऑक्टोबर १९८८

चि. विजय,

कागद भरून सोबत पाठवते आहे. तुझ्या शेवटच्या वाक्याने मी हरले असं समजू नकोस. बाबांनी सांगितलं म्हणून भरला. "पोरानं पाठवला, भरून दे. आपलं काय जाते," म्हणाले.

आज रविवार आणि गांधीजयंतीचीही सुट्टी, म्हणून सकाळच्या बसने रामाकोन्याला गेले. गडी गुणवंता सोबत होता. आता बाग तोच बघतो, बाबांना एवढं फिरणं होत नाही. पिवळेपणा विहिरीकडच्या अंगाला जास्त आहे. प्रत्येक प्रश्नासाठी पाच-पाच झाडांपाशी थांबले. पाचवा, नववा आणि चौदावा हे प्रश्न तुम्ही जरा नीट विचारायला हवे होते. पण 'हो-नाही'च्या पलीकडे लिहायला जागाच ठेवलेली नाही, तेव्हा माझा इलाज नाही.

एक विचारायचं होतं. हे कागद तुमच्या केंद्राबाहेर कुणाला दिसतात का? म्हणजे संत्रा मार्केटमधल्या कुणाला? येत्या आठवड्यात झाडावरचा बहार बघून सौदा करायला व्यापारी येणार आहे, म्हणून गुणवंता विचारत होता.

सरला


नागपूर
१७ ऑक्टोबर १९८८

ताई,

कागद कुणालाही दिसत नाहीत. गुणवंताला निश्चिंत राहायला सांग.

प्रणालीचा निकाल सोबत जोडला आहे. दोन्ही कडांना भोकं असलेला लांब कागद आहे, बाबांना दाखव, त्यांना गंमत वाटेल. थोडक्यात असं : मूळकूज किंवा डिंक्या रोगाचं लक्षण नाही. जस्ताची कमतरता, आणि पाण्याचा ताण. उपाय : जस्ताची फवारणी, आणि पाऊस थांबल्यावर दर आठ दिवसांनी आळी भरून पाणी. खात्री ८७ टक्के.

नत्थूजी काय म्हणाले ते कळव. मला खरंच उत्सुकता आहे.

विजय


सौंसर
३० ऑक्टोबर १९८८

चि. विजय,

तुला उत्सुकता आहे, तर घडलं ते घडल्यासारखं लिहिते.

मागच्या रविवारी नत्थूजींना बोलावलं. ते आले, विहिरीकडच्या तिसऱ्या ओळीत उकिडवे बसले, बोटांनी माती उकरून करंगळीएवढी मुळी तोडली आणि नाकाला लावली. मग बाबांकडे धरली. बाबांनी वास घेतला नाही.

"मुळी सडून राह्यली, केशवराव," नत्थूजी म्हणाले. "पानी तोडा. बुडं उघडी करा, मोरचूद-चुन्याचं मलम लावा. दिवाळीपरेंत थेंब देऊ नका."

"पानी तोडू?"

"हो."

"आन आमच्या पाळीचं चार दिवसाचं पानी कुठी जाईन मंग?"

नत्थूजींनी हाताची माती झटकली. मग उठले. "माह्या बागेत जाईन. दुसरं कुठी जाईन? विहीर दोघाईचीच हाये." मुळी तिथेच टाकून ते बांधावरून गेले.

मग बाबांनी तुझा लांब कागद काढला आणि तो मला परत वाचायला लावला. ८७ टक्के ऐकून काय म्हणाले माहीत आहे? "पुरे शंभर म्हटलं असतं त म्या मानलं नसतं. सत्त्याऐंशी म्हनते, म्हनजे इमानदार हाये. आन त्याची विहिरीत पाळी नाही."

माझ्या वर्गात कॉपी करून सत्त्याऐंशी मिळवलेले आहेत, हे मी बोलून दाखवलं. एवढंच बोलले. बाबांनी गुणवंताला फवारणीचं सांगितलं आणि बुधवारपासून मोटर सुरू केली.

तुला हवं होतं ते झालं. बाबांनी चाळीस वर्षं शेजारी असलेल्या माणसापेक्षा तुझा कागद खरा मानला. मला झोप नीट लागत नाही. का ते मी तुला सांगत नाही, कारण मलाच ते नीट मांडता येत नाही.

सरला


सौंसर
२२ जानेवारी १९८९

विजय,

दिवाळीनंतर तुझी दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. आज देते.

सदतीस झाडं वाळली आहेत. विहिरीकडच्या चार ओळी जवळजवळ गेल्याच. फळ पिकण्याआधीच गळलं, मग पानं, आणि आता साल हाताने ओढली तरी निघते. खाली मुळ्या काळ्या पडल्या आहेत. आता तो वास नाकाला लावावा लागत नाही, बांधावरूनच येतो. आणखी किती जातील ते कुणी सांगू शकत नाही. ज्याला सांगता आलं असतं तो बांध ओलांडून येत नाही. दिवाळीत बाबांनी जामसांवलीला मंदिराबाहेर चार माणसांदेखत नत्थूजींना म्हटलं होतं, "तुमी पान्यासाठी चांगली मुळी सडली म्हनता." सदतीस झाडं वाळल्यावर हे वाक्य परत कसं घ्यायचं ते बाबांना कळत नाही. ते माझ्याशीही बोलत नाहीत. संध्याकाळी मेलेल्या ओळींतून चकरा मारतात. जेवण निम्मं झालं आहे.

तुझ्या यंत्राने सत्त्याऐंशी टक्के खात्रीने या झाडांना पाण्यात बुडवून मारलं. उरलेल्या तेरा टक्क्यांची जबाबदारी कुणाची, हे त्या लांब कागदावर कुठे लिहिलेलं नाही. मी शोधलं. मी एखाद्या मुलाला चुकीचं शिकवलं तर तो दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसतो, मला त्याच्याकडे बघावं लागतं. तुझं यंत्र कुणाकडे बघतं? तू कुणाकडे बघतोस? नागपूरहून रामाकोना तीन तासांचं. सहा पानं गेली, लांब कागद आला, तुझी पत्रं आली. तू एकदाही आला नाहीस.

२६ फेब्रुवारीला पांढुर्ण्याचा मेळावा आहे ना? मी येणार. तू तिथल्या लोकांना तुझा डबा दाखवून त्यावर विश्वास ठेवायला सांगशील, तेव्हा मी उभी राहून सदतीस झाडांचं सांगेन. बाबांची शपथ घालून थांबवायचा प्रयत्न करू नकोस.

सरला


नागपूर
३० जानेवारी १९८९

ताई,

बाबांचं वाचून वाईट वाटलं. बाकीच्या पत्राला मात्र मी वाईट वाटून न घेता उत्तर देणार आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी आपला कागद बाहेर काढला आणि एकतीस उत्तरं पुन्हा भरली. तोच निकाल आला. मग एकेक उत्तर उलटं करून पाहिलं. चौदावा प्रश्न : जमिनीलगत खोडावर डिंक दिसतो का? तू 'नाही'वर खूण केली आहेस. तिथे 'हो' भरलं, आणि प्रणालीने काय छापलं ते वाच : मूळकूज आणि डिंक्या. पाणी तोडा. बुंधे उघडे करा. मोरचूद-चुन्याचं मलम लावा. खात्री ९१ टक्के. नत्थूजींनी जे सांगितलं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत.

मुळ्या काळ्या पडेपर्यंत सडलेल्या झाडांच्या खोडावर ऑक्टोबरात डिंक नव्हता, हे दोन्ही शास्त्रज्ञांना पटत नाही. मलाही पटत नाही. तेव्हा मी सरळ विचारतो. डिंक होता का?

होता असेल तर यंत्राने झाडं मारली असं म्हणू नकोस. यंत्राला तू सांगितलंस तेच माहीत होतं. त्याला खोटं सांगायचं, आणि मग त्याला खोटं ठरवायचं, हा न्याय मला समजत नाही.

मी आलो नाही, हे खरं आहे. पण चारशे बागांचे कागद इथे पडले आहेत. बोरगावपासून काटोलपर्यंत मी कुठे कुठे वाकून बघू? नत्थूजी एक आहेत आणि त्यांचं वय बहात्तर आहे. ते गेल्यावर मुळी कोण हुंगणार, याचं उत्तर मेळाव्यात उभी राहशील तेव्हा तेही दे.

आपल्या बागेचं उदाहरण मी काढून टाकलं आहे. कार्यक्रम होणार.

विजय


सौंसर
१२ फेब्रुवारी १९८९

चि. विजय,

डिंक होता.

मी वीस वर्षं रोज डायरी लिहिते, तुला माहीत आहे, तू तिची टिंगल करायचास. तुझं पत्र आल्यावर २ ऑक्टोबरचं पान काढलं. ते तसंच उतरवते, एकही शब्द न बदलता :

'प्र. १४. खोडं खरवडलेली, वर गेरू-चुना लावलेला, अजून ओला. दर वर्षी व्यापारी यायच्या आधी हे करतातच, गुणवंताने काल केलं. खाली पडलेले डिंकाचे खडे मी पायाने बाजूला सारले. गुणवंता म्हणाला, "ताई, डिंक लिहू नका. कागद नागपूरले जाते, व्यापारीबी नागपूरचेच. येका चौकोनापायी बागेचा भाव पडंन." मी नाहीवर खूण केली. प्रश्न डिंक दिसतो का असा आहे आणि दिसत नव्हता, हे बसमध्ये स्वतःला तीनदा सांगितलं. तीनदा सांगावं लागलं याची नोंद करते.'

हे पान लिहून मी डायरी मिटली. तुझा निकाल आला, 'डिंक्या रोगाचं लक्षण नाही' हे वाक्य मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हाही बोलले नाही. नत्थूजींनी मुळी पुढे केली तेव्हा मी दोन हातांवर उभी होते. 'बाबा, डिंक होता' एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर मी खोटं लिहिल्याचं तुला कळलं असतं. तू जिच्या खरेपणावर विसंबून कागद पाठवला होतास तिला ते नको होतं. सदतीस झाडांत हेही आहे. जानेवारीत तुला लिहिलं ते रागाचं पत्र मी बव्हंशी स्वतःवर पडू नये म्हणून लिहिलं होतं, असं आता वाटतं. पूर्ण खात्री नाही. टक्के विचारू नकोस.

मागच्या रविवारी नत्थूजींकडे गेले. ओसरीवर सुतळी वळत बसले होते. कलाकाकूंनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, कागद, चौकोन, गेरू.

"आन मशीननं मानलं?" त्यांनी विचारलं.

"मानलं."

"येकदाबी नाही इचारलं? व्यापारी कधी येऊन राह्यला, बुडं रंगवले काय, काही नाही?"

"नाही."

ते हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी हसताना बघितलं. "भोळंच हाये मंग बिचारं."

"काका, मी तुम्हाला सांगितलं असतं की डिंक नाही, तर?"

"म्हटलं असतं, बरं ताई. आन तुमी बसमंदी बसल्यावर येऊन, गेरू नखानं काढून बुड पाह्यलं असतं."

"म्हणजे तुमचा माझ्यावर भरोसा नाही."

"हाये ना. म्हून त तुमच्यासमोर नसतं पाह्यलं."

विजय, तुझं यंत्र मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर मुळीच पटत नाही. चुकलं म्हणून नव्हे. ते चुकलं नाही, हे मी मान्य करते, पांढुर्ण्यातही करेन. पण ज्याने माझं खोटं निमूट खरं मानलं आणि त्यापुढे सत्त्याऐंशी आकडा लावून ते माझ्या बापाला परत दिलं, त्याच्यावर मी विश्वास कसा ठेवू? मी लिहिलं ते खोटं होतं. तुझ्या कागदावर आल्यावर ते विज्ञान झालं. नत्थूजी खोट्याला ओळखतात कारण तेही दर वर्षी आपल्या बुडांना गेरू लावतात. तुझ्या दोनशे चाळीस नियमांत गेरूचा एकही नियम नाही, कारण तू ते शास्त्रज्ञांना विचारून लिहिलेस आणि शास्त्रज्ञांकडे व्यापारी येत नाहीत. चारशे कागदांत आमच्यासारखे किती असतील याचा विचार करून ठेव. त्यातल्या प्रत्येकाला तू पाणी द्यायला सांगितलं असशील.

नत्थूजींनंतर मुळी कोण हुंगणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. हा प्रश्न तू चांगला विचारलास.

त्या संध्याकाळी बाबांनाही सांगितलं. बुधवारी आपली पाळी होती. त्यांनी मोटर सुरू केली नाही. गुणवंताला पाठवून नत्थूजींना निरोप दिला की उन्हाळ्यापर्यंत पाणी तुमचं. नत्थूजींनीही मोटर सुरू केली नाही. दोन दिवस विहिरीवर कुणीच गेलं नाही.

काल सकाळी ते बांध ओलांडून आले, हातात चुन्याचा डबा आणि चिंधीचा बोळा. बाबांना हाक मारली नाही. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. प्रत्येक झाडाशी उकिडवे बसायचे, गेरू नखाने काढायचे, माती उकरायचे, वास घ्यायचे. वाचणारं झाड असेल तर उठून पुढे. तोडायचं असेल तर खोडावर चुन्याचा पट्टा. थोड्या वेळाने बाबा घरातून निघाले आणि दोन झाडं अंतर ठेवून त्यांच्या मागे चालू लागले. मी बांधावर थांबले. वाळलेली सदतीस आधीच दिसत होती, पट्टे मात्र हिरव्या झाडांवरही पडत होते. सातव्या ओळीत आईने स्वतः लावलेलं झाड आहे, वरून अजून हिरवंगार. नत्थूजी तिथे बराच वेळ बसले. मग पट्टा मारला.

"हेबी?" बाबांनी विचारलं.

"हेबी."

बाबांनी पुन्हा विचारलं नाही, मुळीही मागितली नाही. नत्थूजींनीच ती पुढे केली, आणि या वेळी बाबांनी नाकाला लावली.

वाळलेली सदतीस धरून एकूण एकसष्ट पट्टे झाले. गुणवंता सोमवार, २० तारखेपासून कुऱ्हाड लावणार आहे. पांढुर्ण्याला मी येणारच, डायरीचं पान घेऊन. दोन्ही गोष्टी सांगेन, तुझी आणि माझी. आधी माझी. तू वेळ दिलास तर व्यासपीठावरून, नाहीतर बसल्या जागेवरून.

पण त्याआधी रविवारी सकाळच्या गाडीने रामाकोन्याला ये. कागद आणू नकोस. सातव्या ओळीतलं ते झाड तू येईपर्यंत तोडू नका, असं मी सांगून ठेवलं आहे. नत्थूजी बांधावर असतील. वाकायचं कसं ते त्यांना विचार.

सरला